मित्र नावाचा देव

मित्रांनो,

ही हाक तुम्ही रोज कुठे ना कुठे ऐकता. शाळेच्या भाषणात तर हमखास! आज या हाकेतलाच एक शब्द पकडून आपण थेट रोमपर्यंत जाऊ या.

सूर्यनमस्कार घालताना बारा नावं घेतात. त्यातलं पहिलं कोणतं? ‘मित्राय नमः’. इथं मित्र म्हणजे सूर्य. संस्कृत घेतलेल्यांना त्यातली गंमत ठाऊक असेल. दोस्त या अर्थाचा ‘मित्रम्’ नपुंसकलिंगी, तर सूर्य या अर्थाचा ‘मित्रः’ पुल्लिंगी. पण या शब्दाचा फार जुना अर्थ आहे करार, म्हणजे एकमेकांना दिलेला शब्द. ऋग्वेदातला मित्र हा लोकांना दिलेला शब्द पाळायला लावणारा देव.

याचा पुरावा सापडला तुर्कस्तानात! बोगाझक्योई इथं मिळालेल्या मातीच्या पाट्यांवर इ.स.पू. चौदाव्या शतकातला एक तह कोरलेला आहे. हित्ती आणि मितानी या दोन राज्यांचा. त्यात साक्षीला बोलावलेल्या देवांमध्ये मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. करार म्हटला की साक्षीला मित्र हवाच, नाही का?

इराणात हाच देव ‘मिथ्र’ झाला आणि पुढे ‘मेहेर’. आपल्या नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू करणारे जमशेटजी टाटा पारशी होते. पारशी लोकांच्या पंचांगातला सातवा महिना मेहेर, आणि त्यांच्या अग्यारीला ‘दर-ए-मेहेर’ असंही म्हणतात. म्हणजे हे नाव आपल्या शेजारीसुद्धा आहे, बरं का!

आता चला रोमला. इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून चौथ्या शतकापर्यंत रोमन साम्राज्यात ‘मिथ्रास’ या देवाचा पंथ होता. त्यात सैनिक, व्यापारी, सरकारी नोकर आणि गुलामही होते. बायकांना मात्र प्रवेश नव्हता. देवळं लहान, अंधारी, गुहेसारखी आणि पुष्कळदा जमिनीखाली. दोन्ही बाजूंना लांब ओटे. त्यांवर बसून सारे मिळून जेवायचे. समोर एकच देखावा, मिथ्रास बैलावर गुडघा रोवून सुरा खुपसतो आहे. भोवती कुत्रा, साप, विंचू आणि कावळा. वर सूर्य आणि चंद्र.

असं का? याचं सरळ उत्तर देणारा या पंथाचा ग्रंथच आपल्याकडे नाही! म्हणून संशोधकांना दगडांनाच प्रश्न विचारावे लागतात. ऑस्तिया या रोमन बंदरातल्या एका देवळाच्या फरशीवर सात चौकटी आहेत आणि प्रत्येकीत वेगवेगळी चिन्हं. पंथात सात पायऱ्या होत्या, हे त्यांवरून पक्कं झालं. पहिली पायरी ‘कावळा’, शेवटची ‘पिता’. उत्खननात कोंबड्यांची हाडं मिळाली, त्यावरून जेवणात काय असे तेही कळलं.

मग आपला मित्र आणि रोमचा मिथ्रास एकच का? घाई करू नका! शंभर वर्षांपूर्वी फ्रान्त्स क्युमाँ या बेल्जियन विद्वानाला वाटत होतं की हा सगळा धर्मच इराणातून रोमला गेला. १९७० नंतर इतर अभ्यासकांनी शंका काढली. ऋग्वेदातला मित्र बैल मारत नाही, पारशांच्या ग्रंथातला मिथ्रही मारत नाही. मग बैलाची गोष्ट आली कुठून? नाव पूर्वेकडून गेलं असेल, पण पंथाची घडण बरीचशी रोमन जगातच झाली, असं आज पुष्कळ जण मानतात. वर्गात दोन सचिन असले म्हणून ते काही एक होत नाहीत!

दगडांना प्रश्न विचारायचे, तर ते जागेवर असावे लागतात. लंडनमध्ये १९५४ साली नव्या इमारतीच्या पायासाठी खोदकाम चाललं होतं. तिथं एक रोमन देऊळ लागलं. १८ सप्टेंबरला मिथ्रासचं संगमरवरी डोकं सापडलं आणि ते कुणाचं देऊळ हे कळलं. बघायला हजारोंच्या रांगा लागल्या. पण इमारत तर बांधायचीच होती! दगड हलवले गेले आणि १९६२ साली दुसरीकडे चुकीच्या पद्धतीनं जोडले गेले. ते पुन्हा अभ्यास करून, मूळ जागेशी, रस्त्याखाली सुमारे सात मीटर खोल, नीट मांडायला २०१७ साल उजाडलं.

आपल्याकडेही असे न बोलणारे दगड आहेत. नागपूरहून काटोल रस्त्यानं निघालं की जुनापाणी लागतं. तिथं मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. ती आहेत अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची दफनं. रिव्हेट-कर्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ साली त्यांवर लिहिलं. विदर्भातल्या अशा वर्तुळांत लोखंडी हत्यारं, मडकी आणि घोड्यांची हाडंही मिळाली. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. ते कशासाठी? त्या लोकांचाही ग्रंथ नाही. एखादा दगड कुणी बांधकामाला उचलून नेला, किंवा त्यावर आपलं नाव कोरलं, की त्या प्रश्नाचं उत्तर कायमचं बुजलं म्हणून समजा.

आता तुमचं काम. आईबाबांना घेऊन जुनापाणीला जा, नाहीतर १८६३ सालच्या आपल्या अजब बंगल्यात जा. अक्षरं नसलेली एकच जुनी वस्तू निवडा. वहीत दोन रकाने आखा. एकात लिहा ‘मला दिसतं ते’, दुसऱ्यात ‘मला वाटतं ते’. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका. वाटतं त्याहून सोपं नाही हं हे! वही आईबाबांनाही दाखवा. ते दुसऱ्या रकान्यातलं काही पहिल्यात ढकलतात का, तेवढं बघा.