‘ॲना’चे दोन गायक

‘बीटल्स’च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील चौदा गाण्यांपैकी सहा गाणी त्यांची स्वतःची नव्हती, ही गोष्ट त्यांच्याविषयीच्या लेखनात बहुधा काहीशा संकोचाने सांगितली जाते. जणू थोर कवीच्या पहिल्या संग्रहात पूर्वसुरींच्या छायेतल्या चारदोन कविता निघाव्यात आणि समीक्षकाने त्यांवरून हलकेच पुढे सरकावे. स्वतः लिहिलेले ते अस्सल आणि दुसऱ्याचे गायलेले ती उमेदवारी, असा हा हिशेब आहे. आम्हांला तो मान्य नाही. मात्र त्याच्या उलट टोकाचा जो हिशेब अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतून वारंवार दिसतो, म्हणजे गोऱ्यांनी काळ्यांचे गाणे उचलले आणि विषय संपला, तोही आम्हांला पुरेसा वाटत नाही. या दोन हिशेबांच्या मधल्या जागेत एक गाणे उभे आहे. त्याच्याविषयी थोडे बोलावे, म्हणून हा लेख.

गाण्याचे नाव ‘ॲना (गो टू हिम)’. ते लिहिले आणि प्रथम गायले आर्थर अलेक्झांडर याने. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या शेफील्ड या गावी १० मे १९४० रोजी तो जन्मला. चर्चमधील सामूहिक गायनातून उमललेल्या आणि पुढे ‘सोल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या कृष्णवर्णीय गायनपरंपरेत त्याची गणना होते. पण त्याच्या गळ्यात शेजारच्या गोऱ्या खेडूतांच्या ‘कंट्री’ संगीताचाही संथ, सरळ उच्चार होता. १९६१ साली त्याने ‘यू बेटर मूव्ह ऑन’ हे गाणे मसल शोल्सच्या परिसरात, तंबाखूच्या एका जुन्या गोदामात थाटलेल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले. ते चालले, आणि त्यातून आलेल्या पैशावर त्या स्टुडिओच्या मालकाने, रिक हॉलने, नवी इमारत उभारली. सोल संगीताच्या इतिहासात मसल शोल्सचे जे मोठे नाव झाले, त्याच्या पायात अलेक्झांडरचे हे गाणे आहे. ‘ॲना’ त्यानंतरचे, १९६२ सालचे. ते नॅशव्हिलमध्ये मुद्रित झाले आणि सप्टेंबरात ‘डॉट’ कंपनीच्या तबकडीवर बाजारात आले.

११ फेब्रुवारी १९६३ रोजी, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांनी, लंडनमधील ॲबी रोडवरच्या ई.एम.आय.च्या स्टुडिओत जॉन लेननने ते गायले. ‘बीटल्स’ने त्या एका दिवसात दहा गाणी उरकली. ‘ॲना’ची पाळी संध्याकाळी आली, तीन प्रयत्नांतला तिसरा पसंत पडला. लेननला त्या दिवशी सर्दी झाली होती. निर्माता जॉर्ज मार्टिन याने ‘ट्विस्ट अँड शाउट’ मुद्दाम शेवटी ठेवले, कारण त्यानंतर लेननचा गळा उरणार नाही हे त्याला दिसत होते. हा प्रसंग सांगून सांगून गुळगुळीत झाला आहे. ‘ॲना’ मात्र त्या प्रसिद्ध किंकाळीच्या सावलीत राहिले.

आता गाण्याकडे. एक पुरुष ॲनाशी बोलतो आहे. तू माझ्याकडे मोकळीक मागायला आली आहेस. तो दुसरा तुझ्यावर माझ्याहून अधिक प्रेम करतो असे तू म्हणतेस. तर जा त्याच्याकडे. मी दिलेली अंगठी तेवढी परत कर. एवढाच ऐवज. मध्ये एक वेगळा, वर चढणारा भाग येतो. त्यात हा पुरुष ॲनाला सोडून स्वतःकडे वळतो: आयुष्यभर मी माझ्यासारखे प्रेम करणारी मुलगी शोधली, आणि जी भेटली तिने माझे मन मोडले. मग पुन्हा ॲना, पुन्हा अंगठी, पुन्हा ‘जा’.

मराठीच्या वाचकाला यात काय नवे, असे वाटू शकेल. विरहाची आपल्याकडे वाण नाही. परंतु आपल्या परंपरेत विरहाचा आवाज बहुधा स्त्रीचा असतो. ज्ञानदेवांच्या विराण्यांपासून लावणीपर्यंत पुरुष कवी स्त्री होऊन विरह गातो. स्वतःच्या पुरुषपणातच राहून, जाणाऱ्या स्त्रीला दूषण न देता, तिच्या निर्णयाला मान तुकवणारा पुरुष आपल्या भावगीतात शोधावा लागतो. (आमच्यापैकी एकाला हे विधान फार धाडसी वाटते. अपवाद आहेतच, ते वाचकांनी जरूर काढावेत.) अलेक्झांडरचे गाणे या दृष्टीने विरळा आहे, आणि त्याचे विरळेपण शब्दांत जेवढे आहे त्याहून अधिक गायनात आहे. त्याचा आवाज कुठेही चढत नाही. पियानोची एक छोटी फिरत पुन्हा पुन्हा येते, ढोलाचा ठेका किंचित अडखळत चालतो, आणि त्यावर हा माणूस देण्याघेण्याचा व्यवहार मिटवावा तशा स्वरात अंगठी मागतो. मधल्या भागात तो स्वतःविषयी बोलतो तेव्हाही दाराबाहेर कोणी ऐकू नये इतपतच बोलतो. ऐकणाऱ्याला प्रथम वाटते, याला फारसे काही झालेले नाही. दुसऱ्यांदा ऐकताना तसे वाटत नाही.

लेननने गाण्याची चौकट जवळजवळ जशीच्या तशी ठेवली आहे. पियानोची फिरत जॉर्ज हॅरिसनने गिटारवर घेतली, अडखळता ठेका रिंगो स्टारने उचलला, मागून दोघांनी साथीचे स्वर भरले. शब्द तेच. संहितेशी इतका प्रामाणिक राहूनही लेननने गाण्याचा भारबिंदू हलवला, आणि सारा फरक तिथे आहे. अलेक्झांडरचे गाणे ‘जा’ या शब्दावर उभे आहे. लेननचे मधल्या, स्वतःविषयीच्या भागावर. तिथे त्याचा आवाज वर जातो, फाटतो, आणि मागचे दोघे त्याला सावरायला धावल्यासारखे गातात. कडव्यांतला समंजसपणा मग संशयास्पद होतो. हा माणूस ‘जा’ म्हणतो आहे खरा, पण त्याला म्हणायचे आहे ‘बघ, तू माझे काय केलेस’. अंगठीची मागणीही बदलते. अलेक्झांडरच्या तोंडी ती हिशेब पुरा करण्याची खूण आहे. लेननच्या तोंडी ती निरोप लांबवण्याची सबब होते.

हा फरक वयाचा आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हीही वर्गात तसे म्हणालो होतो: अलेक्झांडर अनुभवी, लेनन कोवळा. मग जन्मतारखा पाहिल्या. लेननचा जन्म ९ ऑक्टोबर १९४० चा, म्हणजे तो अलेक्झांडरहून अवघ्या पाच महिन्यांनी लहान. गाणे मुद्रित करताना दोघेही बावीस वर्षांचे. मूळ गायक म्हटला की तो वडीलधारा असणार, आणि पुनर्गायन करणारा म्हणजे शागीर्द, ही आमची समजूत घराण्यांच्या कथांवर पोसलेली होती. इथे दोन समवयस्क आहेत आणि मध्ये समुद्र आहे. एकाने तक्रार गिळण्याची रीत आत्मसात केली होती, दुसऱ्याने ती मोठ्याने करण्याची. अलाबामात, वर्णभेदाच्या कायद्यांखाली वाढलेल्या तरुणाने आवाज न चढवण्याची कला का कमावली असेल, यावर आम्ही निश्चित काही सांगू शकत नाही. गाण्यावरून चरित्र काढणे धोक्याचेच. पण त्या आवाजातला संयम म्हणजे केवळ स्वभाव, असे म्हणून पुढे जाणेही आम्हांला जमत नाही.

लेननने गाणे चुकीचे वाचले का? आमच्या मते, हो. आणि ही चूक ऐकण्यासारखी आहे. एखाद्या अनुवादकाने शब्दाला शब्द ठेवून मूळ कवितेचा स्वभाव पालटावा, तसे हे झाले आहे. अनुवादाचा विचार करताना आपण सहसा भाषा बदलण्याकडे पाहतो. इथे भाषा बदललेली नाही, शब्दही नाहीत, आणि तरीही अनुवाद घडला आहे. अरुण कोलटकरांनी तुकोबांचे काही अभंग इंग्रजीत नेताना अमेरिकी बोलभाषेचा जो रांगडा सूर लावला, त्यावर तुकोबा बिघडले असे म्हणणारे आहेत आणि सापडले असे म्हणणारेही आहेत. आम्ही स्वतः दुसऱ्या पक्षातले. मग लेननच्या बाबतीत आम्ही मूळ गायकाच्या बाजूने का झुकतो, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर एका कॅसेटपाशी जाते.

१९९०च्या दशकाच्या शेवटी, आम्ही महाविद्यालयात असताना, वसतिगृहातल्या एका मित्राकडून ‘बीटल्स’ची एक उतरवून घेतलेली कॅसेट आमच्याकडे आली. आतल्या कागदावर गाण्यांची नावे बॉलपेनने लिहिलेली होती, बस्स. ‘ॲना’ आम्ही लेननचे म्हणूनच ऐकले. त्याच्या आईच्या मृत्यूशी, त्याच्या बालपणीच्या पोरकेपणाशी त्याचा संबंध लावून आम्ही एकमेकांना रात्र रात्र समजावून दिले. मूळ इंग्रजी ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गाण्यापुढे कंसात ‘अलेक्झांडर’ असे स्पष्ट छापलेले आहे, हे आम्हांला कित्येक वर्षांनी कळले. म्हणजे ‘बीटल्स’नी नाव लपवले नव्हते. ते पुढच्या उतरवण्यांत, आमच्यासारख्यांच्या हातून गळाले.

आणि नाव गळणे ही केवळ कागदावरची बाब राहत नाही. अलेक्झांडरची गाणी उचलणारे सामान्य लोक नव्हते. ‘रोलिंग स्टोन्स’नी ‘यू बेटर मूव्ह ऑन’ मुद्रित केले. ते जानेवारी १९६४ मध्ये निघाले. बॉब डिलनने त्याचे अगदी सुरुवातीचे ‘सॅली सू ब्राउन’ १९८८ च्या ध्वनिमुद्रिकेत घेतले. बीटल्स, स्टोन्स आणि डिलन या तिघांनाही ज्याचे गाणे आपल्या ध्वनिमुद्रिकेत घ्यावेसे वाटले, असा गीतकार मिळणे कठीण. तरी या साऱ्या मानातून त्याच्या पदरात फार थोडे पडले. संगीताचा धंदा सोडून तो ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात एका समाजसेवी संस्थेची बस चालवू लागला. १९९३ साली त्याची नवी ध्वनिमुद्रिका आली, तो पुन्हा रंगमंचावर उभा राहिला, आणि त्याच वर्षी ९ जून रोजी हृदयविकाराने गेला. वय त्रेपन्न.

यावरून लेननला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्या निबंधांना आम्ही गुण कमी देतो, हे इथे सांगून टाकतो. अलेक्झांडरच्या गाण्यांवरची त्याची माया खरी होती. त्या काळी ‘बीटल्स’ जाहीर कार्यक्रमांत आणि बी.बी.सी.वर अलेक्झांडरच्या तबकड्यांवरून शिकलेली आणखीही गाणी गात. ‘सोल्जर ऑफ लव्ह’चे त्यांचे १९६३ सालचे गायन ऐकावे, ते ‘ॲना’हूनही सरस आहे, असे आमच्यापैकी एकाचे ठाम मत आहे. मायेने गायले म्हणून गीतकाराचे पोट भरते असे मात्र नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि निबंधाला त्या दोन्ही पेलता आल्या पाहिजेत.

आमच्या स्वतःच्या हिशेबाचे काय? गेली पंधरा-सोळा वर्षे आम्ही वर्गात अनुवादित कवितांच्या छायाप्रती वाटत आलो. मागच्या वर्षी त्या गठ्ठ्यातून जाताना लक्षात आले की निम्म्याहून अधिक कागदांवर कवीचे नाव आहे, अनुवादकाचे नाही. छायाप्रतीची छायाप्रत काढताना खालची ओळ कापली गेली होती. काही ठिकाणी ती आम्हीच, कागद एका पानात बसावा म्हणून, कापली होती. बसचालकाच्या गोष्टीवर हळहळणाऱ्यांचा हा कारभार. ग्रंथालयात बसून बहुतेक नावे शोधून शाईने लिहिली. दोन कविता अजून निनावी आहेत. त्यांतली एक आम्ही दरवर्षी शिकवतो.

‘ॲना’ मात्र आता वर्गात दोन्ही आवाजांत ऐकवतो. आधी कोणाचे लावावे यावर आमच्यात अद्याप एकमत नाही. आधी अलेक्झांडर लावला, तर लेनन आकांडतांडव करणारा वाटतो आणि मुले हसतात. आधी लेनन लावला, तर अलेक्झांडरच्या वेळी मागचे बाक कुजबुजू लागतात. दुसऱ्या कडव्यापाशी ती कुजबुज बहुधा थांबते. यंदा एकाने एका तुकडीत असे लावायचे आणि दुसऱ्याने दुसऱ्या तुकडीत तसे, एवढे ठरले आहे.