भाट्ये किनाऱ्यावरून दिसणारा दिवा राज्याच्या हद्दीत असतो का?

मासेमारीच्या हंगामात रत्नागिरीच्या भाट्ये किंवा मांडवी किनाऱ्यावरून रात्री समुद्रात दिवे लुकलुकताना दिसतात. ‘एलईडीवाले आत घुसलेत’ असं कुणीतरी म्हणतंच. नुसत्या डोळ्यांनी हे तपासता येतं? थोडंफार येतं.

आधी वाद समजून घेऊ. एलईडीच्या झगझगीत प्रकाशाकडे मासळी पिल्लांसकट ओढली जाते आणि एका फेरीत उपसली जाते. छोट्या होड्यांना मग काय उरणार, ही पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत मासेमारीचं नियमन राज्याकडे आहे.

आता डोळ्यांचं गणित. चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखते. २२ किलोमीटरवर हा फरक साडेसहा मीटरचा होतो. म्हणजे तिथली १५ मीटरची बोट भरदिवसाही जेमतेम ठिपका. तरी रात्री दिवा दिसतो, कारण प्रकाश जाणवणं वेगळं आणि आकार ओळखणं वेगळं. चांदणीचा आकार तरी कुठे कळतो? शिवाय जवळचा मंद दिवा आणि लांबचा प्रखर दिवा सारखेच दिसू शकतात.

इथे पृथ्वीची गोलाई कामी येते. वाळूत उभ्या माणसाचं क्षितिज फक्त ५ किलोमीटरवर असतं. बोटीवरचा दिवा पाण्यापासून ८ मीटर उंच असेल, तर तो साधारण १५-१६ किलोमीटरपर्यंतच दिसेल. त्यामुळे नुसती आभाळातली झाक नाही, तर प्रत्यक्ष दिवा वाळूतून दिसत असेल, तर बोट बहुधा हद्दीतच आहे. रत्नदुर्गावर चढलात की हा हिशेब संपला. १०० मीटर उंचीवरून क्षितिजच ३६ किलोमीटरवर जातं.

पण हद्दीत असणं हा गुन्हा नाही, आणि दिवे तर सगळ्याच बोटींवर असतात. प्रश्न उरतो तो बोट कुणाची आणि करतेय काय. फूटभर उंचीचं अक्षर चांगली नजर दिवसा २०० मीटरवरून वाचते, रात्री त्याहून कमी. कारवाईला नंबर लागतो, आणि तो किनाऱ्यावरून कुणालाच दिसत नाही.

मत्स्यव्यवसाय विभागाने जानेवारी २०२५ पासून मिरकरवाड्यासह किनारपट्टीवर ड्रोन उडवायला सुरुवात केली, ती ही दरी भरण्यासाठीच. त्या चित्रणात बोटीचा नंबर, तिची नेमकी जागा आणि पेटलेले दिवे एकत्र आले, तरच मच्छीमारांच्या तक्रारीला पुरावा मिळेल.