मुलांनी ज्ञानेश्वरी वाचावी असं वाटतंय? आधी अर्थ सांगा

सुट्टी लागली की अनेक घरांत ठरतं, यंदा मुलांकडून ज्ञानेश्वरी वाचून घ्यायची. चार दिवस वाचन होतं, पाचव्या दिवशी पोथी पुन्हा देवघरात जाते. दोष मुलांचा नाही.

संस्कृत सर्वांना कळत नव्हतं, म्हणून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. आजच्या मुलांना ती जुनी मराठीही अनोळखी वाटते. तेव्हा तो अर्थ आजच्या बोलीत सांगण्याचं काम आता पालकांचं आहे.

सुरुवात कशी कराल?

• पसायदानापासून करा. ओव्या ९ आहेत. रोज एकच घ्या.

• सार्थ प्रत आणा. आधी स्वतः वाचा, मग मुलांना सांगा.

• मोठ्या ग्रंथाचा हिशेब मांडा. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९ हजार. रोज २५ वाचल्या तर वर्ष लागेल. दासबोधाचे समास २००. रोज एक वाचला तर सात महिन्यांच्या आत पूर्ण.

• दिवेलागणीची १० मिनिटं ठरवा. मोबाइल सगळ्यांचेच बाजूला, तुमचाही.

आजोबांनी माझ्याकडून मनाचे श्लोक पाठ करून घेतले. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. अर्थ विचारला की उत्तर मिळायचं, ‘मोठा झालास की कळेल’. कळला, पण इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर, पुस्तक स्वतःहून उघडलं तेव्हा. मधली वर्षं ते श्लोक मला शिक्षाच वाटत होते.

म्हणून मुलाने ‘असं का?’ विचारलं तर त्याला गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर दोघं मिळून शोधा. सवय तिथूनच लागते.