अर्जातली अमानत

गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून शेंगदाणे आणले. पुडी सोडली, तर कागद म्हणजे एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज! तिचा फोटो, मोबाइल नंबर, अब्बांच्या इंतकालाची तारीख, अम्मीची शिवणकामाची कमाई. सगळे उघडे. हा अर्ज मोहल्ल्यातल्या ज्या समितीने मागवला होता, तिच्यात आम्हीही होतो. रद्दी कुणी विकली हे विचारण्यात आता काय अर्थ?

यंदा अर्ज इंटरनेटवरून घ्यायचे ठरले. आमची भाची बीएस्सी कॉम्प्युटरला आहे. ती फॉर्म बनवू लागली आणि आम्ही शेजारी बसून शिकू लागलो.

तिचा पहिलाच सवाल, "मामू, आधार नंबर कशाला हवा?" आमच्याकडे उत्तर नव्हते. तो रकाना गेला. जे घेतलेच नाही, ते हरवण्याची भीती नाही.

फॉर्म पाठवण्याच्या दोन पद्धती तिने समजावल्या. 'गेट' पद्धतीत भरलेली माहिती ब्राउझरच्या पत्त्यातच दिसते. 'पोस्ट'मध्ये तशी दिसत नाही. पण वाटेत कुणी वाचू नये यासाठी पत्ता 'एचटीटीपीएस'चाच हवा.

टक्केवारी शंभरच्या वर भरता येणार नाही अशी सोय आम्ही केली आणि खूश झालो. भाचीने ब्राउझरमध्येच ती अट काढून टाकली आणि ९४० टक्के पाठवून दाखवले! म्हणून तपासणी सर्व्हरवर पुन्हा करायचीच.

नावाच्या रकान्यात कुणी डेटाबेसला हुकूम लिहून पाठवला तर? यासाठी आलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात थेट जोडायचा नाही. 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' वापरायचे. मग तो हुकूम म्हणून चालत नाही, नुसता मजकूर म्हणून साठतो. तोच मजकूर पानावर दाखवतानाही त्यातली खास चिन्हे बदलून घ्यायची; पीएचपीमध्ये त्यासाठी 'एचटीएमएलस्पेशलचार्स' आहे. नाहीतर त्यात दडवलेला कोड बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू शकतो.

२०२३ साली देशात वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती त्यात सांगितली आहे. म्हणून अर्ज आला की आम्ही घरी फोन करून विचारतो. यादी समितीतले दोघेच उघडू शकतात, आणि काम संपल्यावर ती कधी पुसायची याची तारीखही फॉर्मवरच लिहिली आहे.

वाचकहो, तुमच्या घरातली मुले हे शिकत असतील, तर त्यांना रंगीत बटणांच्या आधी एवढे जरूर विचारा: लोकांनी भरलेले जाते कुठे, आणि ते पाहते कोण?

पुडीतला तो अर्ज आम्ही त्या घरी नेऊन दिला आणि माफी मागितली. मुलीच्या अम्मीने तो मुकाट्याने घडी घालून ट्रंकेत ठेवला. यंदा त्यांच्या धाकटीचा अर्ज आला आहे.