होडी तारतो तो दोर

वादळाचा बावटा लागला की कोकणातल्या बंदरांत होड्यांची दाटी होते. डिसेंबर २०१७ मध्ये ओखीच्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या नौकाही देवगडला आश्रयाला आल्या होत्या. बंदरात शिरून नांगर टाकला की खलाशाचा जीव भांड्यात पडतो. पण मे २०२१ मध्ये तौक्ते आले, तेव्हा त्याच देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरून ठेवलेल्या होड्या बुडाल्या आणि माणसे दगावली. त्याच वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ या तराफ्याचे नांगर सुटले आणि त्यावरील २६१ जणांपैकी ७० हून अधिक प्राणांस मुकले. अशा वेळी आपल्याकडे चर्चा होते ती इशारा कोणी दिला आणि कोणी ऐकला नाही, याची. ती व्हायलाच हवी. परंतु होडी आणि समुद्राचा तळ यांच्यामध्ये जो दोर असतो, त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. माझ्या मते नांगरलेल्या होडीची खरी भिस्त त्या दोरावरच असते.

नांगर आपल्या वजनाने होडी धरतो, अशी समजूत आहे. वस्तुतः तो चिखलात रुतून धरतो, आणि ओढ आडवी असेल तोवरच रुतलेला राहतो. ओढ वर गेली की तो उपटला जातो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट लांबी सोडायची असते, तीही भरतीची खोली धरून. नांगराजवळची साखळी वजनामुळे झोळ घेते. वाऱ्याने होडी ओढली की तो झोळ उचलला जातो आणि त्यात धक्क्याचा बराच जोर खर्च होतो. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ऐन वादळात साखळी ताठ होते, झोळ उरत नाही, आणि प्रत्येक लाटेचा हिसका थेट नांगरावर आणि होडीच्या खुंटावर बसतो.

साधा हिशेब करून पाहा. १० टनांची होडी सेकंदाला १ मीटर वेगाने मागे रेटली गेली आणि ताठ साखळीने तिला १० सेंटिमीटरमध्ये अडवले, तर सरासरी ५ टनांचा हिसका बसतो. तीच होडी २ मीटरमध्ये थांबली, तर तो अडीचशे किलोंवर येतो. क्रिकेटमध्ये जोरकस झेल घेताना हात मागे नेतात, ते याचसाठी. नायलॉनचा दोर नेमके हेच करतो. तो ताणला जातो, धक्का पोटात घेतो आणि पुन्हा आखडतो. गरजेपेक्षा जाड दोर घेतला तर तो पुरेसा ताणत नाही, आणि होडीच्या कडेवर घासत राहिला तर चांगला दोरही तुटतो. तुटेपर्यंत ताणू नये, असे आपण म्हणतो. इथे मात्र ताणता येते म्हणूनच तुटत नाही!

आता दाटीच्या बंदरात सातपट दोर सोडायला जागा कुठून आणायची? शेजारच्या होडीवर आदळू नये म्हणून तांडेल दोर आखडून घेतो. ज्या घटकेला लांबीची सर्वांत जास्त गरज, त्याच घटकेला ती कमी होते. याचा दोष तांडेलाला देता येणार नाही.

उपाय अवघड नाही. आश्रयाच्या बंदरांत तळाशी पुरेसे जड ठोकळे बसवून त्यांना साखळी आणि बोये जोडावेत. असा ठोकळा वरची ओढही सोसतो, त्यामुळे थोड्या जागेत जास्त होड्या राहतात. बोया आणि होडी यांच्यामध्ये नायलॉनचा दोर असला की धक्काही सोसला जातो. शिवाय मासेमारीबंदीच्या काळात इंजिनाबरोबर दोराचीही तपासणी व्हावी. जेट्टी दिसते, तिची फीत कापता येते. पाण्याखालचा ठोकळा कोणाच्या छायाचित्रात येत नाही, एवढीच काय ती अडचण. पुढचे वादळ येण्याआधी निदान एखाद्या बंदरात हे करून पाहायला काय हरकत आहे?