ओसाकाचे काष्ठवर्तुळ

ओसाका उपसागरातील युमेशिमा या भराव घालून निर्मिलेल्या बेटावर २०२५ साली जागतिक प्रदर्शन भरले. तेथे जपानने काँक्रीटचा दिमाख मिरवला नाही. सुमारे दोन किलोमीटर परिघाचे लाकडी वर्तुळ उभारले. जगातील सर्वांत मोठी लाकडी वास्तू म्हणून गिनीजने त्याची नोंद केली. वास्तुविशारद सोउ फुजिमोतो यांनी योजलेली ‘नुकी’ पद्धत मंदिरबांधणीतील आहे. खांबाला आरपार भोक पाडून त्यातून आडवी तुळई ओवायची आणि पाचर ठोकून घट्ट करायची. क्योतोच्या कियोमिझु मंदिराचा उत्तुंग सज्जा अशाच सांध्यांवर तोललेला आहे. भूकंपाच्या धास्तीने येथे धातूचीही जोड दिली गेली, हे खरे. पण पूर्वजांची विद्या संग्रहालयात न ठेवता अभियंत्यांच्या कसोटीवर उतरवण्याचे धैर्य या राष्ट्राने दाखवले. बहुतांश लाकूडही स्वदेशी सुगी आणि हिनोकी वृक्षांचे. प्रदर्शनानंतर मात्र केवळ २०० मीटरचा भाग जतन करण्याचे ठरले. एवढ्या परिश्रमाचे हे अल्पायुष्य खटकते.

आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली लाकडाच्या वापरावर बंदी घातली. ती उठली २०२० साली. हेतू वनरक्षणाचा होता. परंतु लाकडाची जागा पोलाद, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकने घेतली, ज्यांच्या भट्ट्या आणि कारखाने अफाट ऊर्जा गिळतात. लागवडीतल्या वृक्षाने शोषलेला कार्बन तुळईत साठून राहतो, याचा विचार कोणी केला? सरकारी इमारतींवर घडू शकली असती अशी सुतारांची एक पिढी त्या सत्तावीस वर्षांत घडलीच नाही. आज कोकणातल्या एखाद्या देवळाचा लाकडी सभामंडप दुरुस्तीस आला, की जुने सांधे जमवणारा हात गावोगाव शोधावा लागतो.