‘कमांडो भरती’चा फलक आणि आपली पोरं

आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा मागच्या वर्षी एका ॲकॅडमीत गेला. बाहेर फलक होता, ‘थेट कमांडो भरती’. बापाने उसनवारी करून फी भरली. वर्षभर दोर चढून, चिखलात लोळून शेवटी हातात आला तो साध्या सैन्यभरतीचा फॉर्म. तो त्याला ॲकॅडमीशिवायही भरता आला असता.

मित्रांनो, लष्कराचे पॅरा स्पेशल फोर्सेस असोत की नौदलाचे मार्कोस, आधी सैनिक व्हावे लागते. मग स्वतःहून नाव द्यायचे आणि कित्येक आठवड्यांच्या प्रोबेशनला उतरायचे. झोप नाही, पाठीवर ओझे, लांबच लांब चाल, आणि त्यातही डोके ठिकाणावर ठेवून निर्णय घ्यायचे. बहुतेक जण परत पाठवले जातात. जे टिकतात ते स्फोटके, वायरलेस, प्रथमोपचार, पाण्याखालचे काम असे एकेक कौशल्य शिकतात, कारण लहानशा तुकडीत प्रत्येकावर बाकीच्यांचा जीव अवलंबून असतो.

म्हणजे इथे ‘सर्वोत्तम’ कोण, हे प्रोबेशन ठरवते, जन्म नव्हे. आम्हाला हे महत्त्वाचे वाटते. कारण इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ नावाचे थोतांड उभे केले आणि १८१८ साली कोरेगावला लढलेल्यांच्या नातवंडांना सैन्याचे दार बंद केले. त्यासाठी गोपाळबाबा वलंगकरांना आणि शिवराम जानबा कांबळेंना अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली, युद्ध सरताच मोडली. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९८७ साली याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेत वीरमरण आले, त्यांना परमवीरचक्र मिळाले.

पण प्रोबेशन जात विचारत नाही म्हणून सगळे त्याच्या रेषेपाशी सारखेच पोहोचतात, असे कुणी म्हणत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. सैन्यात आरक्षण नाही. अग्निवीर झालेल्यांपैकी चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. पोहणे शिकायला वस्तीत तलाव नाही. आणि आपली पोरं पहाटे धावतात ती शिपाई व्हायला. अधिकारी व्हायचे त्यांना कुणी सांगतच नाही.

एनडीएच्या लष्कर शाखेला बारावी कुठल्याही शाखेची चालते. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला परीक्षा शुल्क नाही. मुलींनाही आता प्रवेश आहे. अडते ते गणितात, ३०० गुणांचा पेपर असतो, आणि आपण गणित दहावीलाच सोडून देतो. छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी आणि नाशिकला मुलींसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे, तिथे दहावीनंतरच जावे लागते. किती पालकांना ठाऊक आहे?

दुसरी वाट पोलिसांतून जाते. तिथे आरक्षण आहे, आणि महाराष्ट्राच्या फोर्स वनमध्ये पोलीस दलातूनच जवान निवडले जातात. केंद्रीय दलांतही आरक्षण आहे, तिथून एनएसजीत प्रतिनियुक्तीवर जाता येते.

त्या मुलाचे वय अजून गेलेले नाही. तो पोलीस भरतीची तयारी करतो आहे, आणि संध्याकाळी अभ्यासिकेत नववी-दहावीच्या पोरांना आम्ही गणित शिकवायला घेतले आहे. सध्या अकराजण येतात, त्यात चार मुली.